डाव्या कोपऱ्यातल्या चांगुणाबाई

राजानंदला मी खरं तर फार थोडा ओळखत होतो. भोकरदनच्या बस स्टँडमागे त्याचा फोटो स्टुडिओ होता. पंचायत समितीतून कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं मी रोज दुपारी त्याच्या बाकावर बसून पेपर वाचला. एवढं असून त्याच्या आईचं नाव साळूबाई होतं, हे मला तो गेल्यावर आलेल्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर वाचून कळलं. त्यानं लग्न का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. तोही आपणहून बोलला नाही. दोघंही मुखदुर्बळ, म्हणून जमत असावं.

त्याला जाऊन आता वर्ष होईल. त्याची भाची पायल परवा घरी आली आणि म्हणाली, "आबा, मामाच्या वर्षाला छोटं पुस्तक काढून राह्यलो आम्ही. त्याच्यापाशी सगळ्यात जास्ती तुम्हीच बसायचे. दोन पानं लिहा." मी टिपण्या लिहिल्या, कार्यालयाची पत्रं लिहिली, पण माणसावर कधी लिहिलं नाही. शिवाय मला जे लिहायचं आहे ते त्या पुस्तकात घालण्यासारखं आहे की नाही, हे पायलनंच ठरवावं.

तीस वर्षं राजानंदनं लोकांना हलू दिलं नाही. पासपोर्ट फोटो असो की लग्नाचा, त्याचं एकच वाक्य. "हलू नका." नवरीनं मान वळवली तर तो हनुवटीकडे बोट करून परत समोर बघायला लावायचा. फोटो स्वच्छ यायचे. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, आणि कौतुकही नव्हतं.

मग पायलच्या वडिलांनी चाकणहून एक सायकल आणली. ते तिथं कंपनीत कामाला आहेत. लहान चाकांची, बुटकी सायकल, तिला ना घंटी, ना कॅरिअर. कुठल्याशा क्लबनं काढून टाकलेली. तिला बीएमएक्स म्हणतात, हे मला पायलनं सांगितलं. एवढी मोठी पोरगी बारक्या पोराची सायकल चालवते म्हणून लोक हसले. पण मोबाइलवर बघून बघून ती शिकली. मार्केट यार्डात एक जुना ओटा होता, त्याला हातगाडे चढवायला सिमेंटचा उतार केलेला. रविवारी यार्ड रिकामं असायचं. पायल लांबून जोरात यायची, उतार चढून ओट्याच्या कडेवरून हवेत जायची आणि पलीकडच्या मुरमाच्या ढिगावर उतरायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डोळे मिटले होते.

राजानंदनं तिचे फोटो काढले ते लग्नातल्यासारखेच. पायल बरोबर मध्ये, फोटोभर तीच, नाकडोळे स्वच्छ. त्यानं मोठ्या हौसेनं ते तिला दाखवले.

"मामा, हे काय?" पायल म्हणाली. "वाळत घातल्यासारखी दिसून राह्यले मी. दोरी तेवढी दिसत न्हाई."

सोबतची पोरं खो खो हसली. राजानंदही हसला, पण ते त्याला लागलं. चार दिवस तो ते फोटो काढून काढून बघत होता. पाचव्या दिवशी मला म्हणाला, "काका, तिचं बराबर आहे. पोरगी हवेत गेली हे कळायला खाली जमीन पाहिजे. कुठून उडाली ते पाहिजे, कुठं उतरणार ते पाहिजे. मी जमीनच कापून टाकून राह्यलो."

त्यानंतर दर रविवारी आम्ही यार्डात. त्यानं खूप काही करून पाहिलं. पालथं पडून खालून फोटो काढला, तर पायल ढगात गेल्यासारखी उंच दिसली. तो त्यानं पुसला. "एवढी उंच न्हाई उडत ती. हे खोटं आहे," म्हणाला. ओट्याच्या कडेवर त्यानं खडूची रेघ मारली. कॅमेरा आधीच त्या रेघेवर नेमून ठेवायचा आणि पायल तिथं पोचायच्या किंचित आधी बटण दाबायचं, म्हणजे नेमकी ती सापडते. ज्या दिशेला ती चालली त्या बाजूला फोटोत मोकळी जागा सोडायची. डोक्यामागे विजेचा खांब येऊ द्यायचा नाही. हे सगळं तो मला सांगायचा आणि मी मान हलवायचो. दोन वर्षांत त्याला पसंत पडेल असा एकही फोटो आला नाही. एकात उतरायची जागा कापली गेली, एकात खांब आला, एकात सगळं जमलं तर पायलनं डोळे मिटलेले. "ती उतरायच्या जागेकडं बघत असली पाहिजे," तो म्हणायचा. त्याला असा एकच फोटो हवा होता. स्टुडिओच्या भिंतीवर तीस वर्षांपासून एका नवरीचा फोटो टांगलेला होता, तिथं तो लावायचा होता. यापेक्षा जास्त त्यानं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

त्याच सुमाराला तो दारांच्या चौकटींना खांदे घासू लागला. संभाजीनगरच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. उशीर झाला होता. कडेचं दिसणं गेलं होतं, ते परत येणार नव्हतं, आणि मधलंही जाणार होतं. परत आल्यावर त्यानं मला एवढंच सांगितलं, "पाइपातून पाहिल्यासारखं दिसतं, काका."

मी चहा सांगितला.

पण पुढच्या रविवारी तो यार्डात आला. खडूची रेघ मारली, कॅमेरा तिपाईवर ठेवला आणि मला जवळ बोलावलं. "ही कॅमेऱ्यामागची काच बघा. डाव्या कोपऱ्यात काय आहे?"

मी चष्मा सावरून बघितलं. "ओट्याचा उतार. थोडं गवत."

"उजव्या?"

"मुरमाचा ढीग. अर्धाच आलाय."

"मंग इकडं सरकवतो. आता?"

"पूर्ण आला."

असं आमचं काम सुरू झालं. मधलं तो बघायचा, कडा मी सांगायचो. पायलनं लाल हेल्मेट घातलं होतं. पुढं मधलंही धूसर होत गेलं, पण तो तांबडा ठिपका रेघेवर आला की त्याला कळायचं. आयुष्यात मला कुणी इतक्या वेळा "काय दिसतं ते सांगा" म्हणालं नव्हतं. मला त्याचा अभिमान वाटू लागला होता, हे लिहिलं पाहिजे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो फोटो आला. पायल हवेत, नजर खाली मुरमाकडे. मागे ओट्याची कड आणि खडूची रेघ, पुढे मोकळी जागा आणि पूर्ण ढीग, खाली जमिनीवर सायकलची सावली. मी एकेक कड सांगत गेलो आणि डावीकडे थबकलो.

"काय झालं?"

"चांगुणाबाई आल्यात." त्या यार्ड झाडायच्या.

"अरारा. कुठं?"

"अगदी डाव्या कोपऱ्यात. झाडू धरून वर बघून राह्यल्यात. तोंड उघडं आहे."

राजानंदनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "खालून वर बघून राह्यल्यात?"

"हो."

"मंग राहू द्या. बिलकुल राहू द्या. आता कळतं पोरगी किती वर आहे." मग त्यानं आवाज चढवला, "चांगुणाबाई, तुमचा फोटो भिंतीवर लागणार बरं का!"

"लाव की बाबा," चांगुणाबाई म्हणाल्या, "जिवंतपणीच लाव, हार घालू नको म्हंजी झालं."

एवढं मोठ्यानं हसताना मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

स्टुडिओतला कॉम्प्युटर बंद पडला होता आणि नीट करून घेण्यात त्याला आता अर्थ वाटत नव्हता. त्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मी दुसऱ्या दिवशी तसाही जालन्याला जाणार होतो. तिथल्या एका लॅबमध्ये बारा बाय अठराची प्रिंट करून आणायची. "एकच सांगा, काका. काही कापू नका म्हणावं. कडेपर्यंत सगळं आलं पाहिजे." मी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि खिशात ठेवलं.

लॅबमध्ये अंकित नावाचा तिशीचा माणूस होता. त्यानं फोटो पडद्यावर मोठा केला. "अरे वा, काका! पोरगी जबरदस्त. पण ही झाडूवाली बाई मधेच कुठून घुसली? आणि हा कचरा, ढीग… थांबा, मस्त करून देतो."

"न्हाई, ते तसंच…" मी म्हणालो.

"तुम्ही फक्त बघा."

माझ्यामागे दोन माणसं उभी होती. त्यातला एक घड्याळ बघत होता. चिठ्ठी खिशात होती. मी खिशात हातही घातला. पण वाटलं, हा रोज हेच काम करतो, आपल्याला यातलं काय कळतं? नोकरीतही मी साहेबांच्या पुढे असाच थांबायचो. अंकितनं पायलला उभ्या चौकटीत मोठी केली, फिकट आभाळ निळंभोर केलं. जमीन गेली, रेघ गेली, ढीग गेला, चांगुणाबाई गेल्या. "कार्डात फार जुना कचरा साठला होता, तोही साफ केला. आता हा नवीन केलेला फोटो तेवढा आहे," असं म्हणून त्यानं कार्ड परत दिलं. मनानं चांगला माणूस होता. मी त्याला "बरं झालं" म्हणालो.

मला नीट समजलं ते बसमध्ये बसल्यावर.

राजानंद स्टुडिओच्या दारात उभा होता. त्यानं प्रिंट दोन्ही हातांनी धरून नाकाजवळ नेली. "लाल दिसलं," म्हणाला. "पायल जरा मोठी दिसून राह्यली का?"

"कागद मोठा आहे ना," मी म्हणालो.

"जमीन बराबर आली?"

"आली."

"चांगुणाबाई?"

"आहेत."

त्यानं नवरीचा फोटो उतरवला आणि तिथं तो लावला.

त्याच्या डोळ्यांत तेव्हा अजून दोन-तीन महिन्यांचा उजेड होता. ओटा होता, पायल होती, लाल हेल्मेट होतं. मी त्याच दिवशी खरं बोललो असतो तर पुढचे आठ-दहा रविवार त्याच्या हातात होते. मी रोज ठरवून जायचो आणि पेपर वाचून परत यायचो. आलेल्या गिऱ्हाइकाला तो भिंतीकडे हात करून सांगायचा, "ही रेघ बघा, इथून उडाली. हा ढीग. आणि डावीकडं आमच्या चांगुणाबाई." गिऱ्हाईक भिंतीकडे बघायचं, मग त्याच्या डोळ्यांकडे, आणि "हो, हो" म्हणायचं. फोटोतल्या निळ्या आभाळाकडे मी बघत नसे.

पायल बारावीच्या परीक्षेनंतर आली. फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. "लई भारी, मामा," म्हणाली. बाहेर पडताना माझ्या बाकाशी वाकून हळूच म्हणाली, "आबा, मला परत वाळत घातलं." आणि माझ्याकडे बघितलं. मी पेपरात मान घातली.

मे महिन्यात यार्डातला ओटा पाडून तिथं पत्र्याचं गोदाम उभं राहिलं. जूनपर्यंत राजानंदला तांबडा ठिपकाही दिसेनासा झाला. पायलची बारावी झाल्यावर बहीण नवऱ्याकडे चाकणला राहायला गेली होती, तिच्याकडे जायचं ठरलं. स्टुडिओचं सामान कुणी कुणी नेलं. फोटो त्यानं सोबत घेतला. पाच महिन्यांनी तिथंच त्याचं हृदय बंद पडलं.

तो चाकणला निघाला त्या दिवशी मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो होतो. पायलनं त्याला आत बसवलं आणि ती पाण्याची बाटली आणायला उतरली. चादरीत गुंडाळलेला फोटो त्याच्या मांडीवर होता. मी खिडकीखाली उभा राहिलो. आता तरी सांगावं म्हणून मी "राजानंद" अशी हाक मारली.

"काका, चढताना डावीकडून जरा ठेचला हा," तो म्हणाला. "कोपरा बघा बरं. चांगुणाबाईला लागलं का?"

मी हात वर करून चादर बाजूला केली. "न्हाई. काही झालं न्हाई."

"मंग ठीक. जा आता जल्दी. ऊन लागंल."

"बरं," मी म्हणालो.