शाळेमागचा जाळीचा झुला

आमच्या शाळेत कोणी नवीन मास्तर बदलून आला, की पहिल्या चहाला आम्ही त्याला पोर्शन सांगत नाही, झुल्याचे किस्से सांगतो. दुसरा चहा होतो, तिसरा होतो, किस्से काही आटपत नाहीत. कारण पडणारा एक असतो अन् पाहणारे पंधरा. प्रत्येकाचा किस्सा वेगळा!

शाळा भीमपूर मंडलातली, मंडल म्हणजे तालुकाच; राज्य तेलुगू, पण महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटलेली. अर्धे वर्ग तेलुगू, अर्धे मराठी. मी मराठीकडे गणित शिकवतो. झुला आणला आमच्या सायन्सच्या ठमके सरांनी, मोबाइलवरून मागवून. दोन टोकं दोन झाडांना बांधायची, मधल्या जाळीत निजायचं, एवढीच वस्तू. पण त्यात शिरायचं कसं अन् निघायचं कसं, हे पुडक्यावर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

*

पहिला मान मालकाचा. दुपारच्या सुट्टीत सरांनी शाळेमागं झुला बांधला, सहावीची पोरं गोळा केली अन् म्हणाले, "पाहा, शरीराचा तोल कसा सांभाळाचा असते."

बैलबंडीत चढावं तसा त्यांनी उजवा पाय आधी टाकला. जाळी पाय घेऊन पुढं गेली, सर मागं राहिले! मग जाळी परत आली अन् सरांना घेऊन उलटली. सर खाली, झुला वर, चष्मा कडुलिंबाच्या मुळाशी.

एका पोरानं हळूच हात वर केला.

"सर, हे परीक्षेत येते काय?"

*

आमचे हेडमास्तर मल्लेश सर. माणूस तेलुगू, वजन शंभराच्या वर, अन् डोकं एकदम थंड. ठमके सरांची फजिती पाहून ते हुशार झाले. पाय उचललेच नाहीत. झुल्याकडे पाठ केली, जाळी दोन्ही हातांनी ताणली, मधोमध बसले अन् मग हळूच आडवे झाले. वा! आम्ही टाळ्या वाजवल्या.

फक्त एक चूक होती. झुल्याचं दुसरं टोक शेवग्याला बांधलं होतं!

कड् कड् आवाज झाला. आम्ही धावलो, तर हेडमास्तर जमिनीवर तसेच आरामात आडवे, पोटावर शेवग्याच्या शेंगा.

"सर, लागलं काय?"

सर शांतपणे म्हणाले, "चेट्टु पडिंदि, नेनु कादु!" म्हणजे, झाड पडलं, मी नाही!

पोरांचा स्वयंपाक करणाऱ्या शांताबाईनं त्या शेंगांचं तीन दिवस सांबार केलं.

*

मग टोक दुसऱ्या कडुलिंबाला गेलं. पडायला नको म्हणून मी एकटाच सराव करत होतो. मले वाटलं, पाठीनं पडण्यापेक्षा पोटानं शिरलेलं बरं. शिरलो. नाक एका भोकातून बाहेर, हनुवटी दुसऱ्यातून! झोप मात्र अशी लागली की बेलच ऐकू आली नाही. पोरांनी उठवलं तेव्हा तसाच वर्गात गेलो.

फळ्याकडे वळणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"अबे, सरनं आज ग्राफ पेपर तोंडावरच आनला!"

*

मराठीच्या वनिता मॅडम शिरल्या छान, निघायच्या वेळी अडकल्या. साडीचा पदर जाळीत, पिन पदरात, वेणी दोरीत. सोडवायला जावं तर एकदम ओरडायच्या, "हात लावू नका, साडी नवीन हाय!"

बेल झाली. मॅडमनी निजल्या निजल्याच फर्मान सोडलं, "चौथीचा वर्ग इकडंच पाठवा!" अर्धा तास चौथीनं कडुलिंबाखाली बसून शुद्धलेखन लिहिलं. पोरं म्हणतात, मॅडमचा तेवढा गोड आवाज त्यांनी आधी कधी ऐकला नव्हता.

*

आता साहेबांचा किस्सा.

मराठी वर्गांत पोरं कमी झाली होती. ते बंद करून पोरं तेलुगूत टाकायची, अशी हवा होती. वनिता मॅडमनी तर बदलीच्या विचारानं आठ दिवस धड जेवण केलं नव्हतं. त्याचसाठी पाहणी करायला एक साहेब आले. तोंड कडू. वह्या पाहिल्या, हजेरी पाहिली, मान हलवली. मग मागच्या खिडकीतून झुला दिसला.

"ये क्या है?"

साहेब थेट झुल्याकडे गेले, मधोमध बसले, आडवे झाले, अन् पहिल्यांदा हसले! आम्हालाही हायसं वाटलं.

दहा मिनिटांनी साहेब उठायला गेले. मान उचलली की पाय वर, पाय दाबले की मान खाली. हेडमास्तरांनी हात देऊन ओढलं, तर झुला साहेबांसकट त्यांच्याच अंगावर आला. पोरं ताटं घेऊन जेवायला निघाली होती, ती भोवती गोळा झाली. कोणी हसेना. साहेबाचा चेहरा लालबुंद.

तेवढ्यात शांताबाई पळी घेऊन आली.

"अवो, असे काऊन तडफडून राह्यले? पाय खाली! बूड मांगं! मान वर! हं, उठा!"

साहेबाला मराठीचा गंध नाही. पण पोरांना ते आवडलं. एकानं ताट वाजवलं, दुसऱ्यानं ताल धरला, अन् सगळे एका सुरात सुरू झाले, "पाय खाली! बूड मांगं! मान वर! हं, उठा!"

तिसऱ्या वेळी साहेब त्या तालावर खरंच उभे राहिले! शर्ट सारखा केला अन् हेडमास्तरांना विचारलं, "बच्चे क्या बोल रहे थे?"

हेडमास्तरांनी डोळ्याची पापणी हलू दिली नाही. "पोयम, सर. मराठी पोयम."

"किसने सिखाया?"

"हमारे वनिता मॅडम ने."

मॅडम जमिनीकडे पाहत राहिल्या. साहेबांनी शेऱ्याची वही मागवली, लिहिलं, सही ठोकली अन् गाडीत बसून गेले. हेडमास्तरांनी वही उघडून आम्हाला मराठीत वाचून दाखवलं: मुलांचं पाठांतर उत्तम. मराठी वर्ग चालू ठेवावेत. हीच कविता सव्वीस जानेवारीला मंडलाच्या कार्यक्रमात सादर करावी.

मग शांताबाईनं विचारलं, "मंग याले चाल कोन लावते?"