अक्काच्या रसाची टेकडी

आमच्या कॉलनीतल्या नानांइतका संशयी माणूस अख्ख्या जळगावात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर नाना आधी त्याच्यावरच संशय घेतील. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ मोबाइलला जोडायचं एक चिमुकलं यंत्र खिशात घालून हिंडतात. त्याची पट्टी रसात बुडवली की रसातले अँटिऑक्सिडंट आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकतात, वीज वाहते आणि पडद्यावर टेकडी उभी राहते. ताज्या रसाची टेकडी उंच, हवा लागून शिळावलेल्याची बुटकी. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांदेखत सरबतात पट्टी बुडवली आणि "लिंबं काल पिळलीत," असं जाहीर केलं. ती कालच पिळली होती, हे आणखी वाईट! घरचा चहासुद्धा मोजल्याशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नाही. "लग्नाआधी मला का नाही मोजलंत?" असं वहिनींनी विचारलं, तर म्हणाले, "तेव्हा यंत्र नव्हतं."

विश्वास होता तो फक्त एका बाटलीवर. आई लवकर गेल्यावर नानांना वाढवलं ते त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं. धुळ्याजवळच्या गावाहून ती दर हिवाळ्यात स्वतः पिळलेला आवळ्याचा रस पाठवते. नाना तोही मोजत, पण कौतुकानं. एका वर्षी टेकडी निम्म्यावर आली. पट्टी बदलली, पुन्हा मोजलं, तेवढीच. "अक्का बाजारचा रस स्वतःचा म्हणून पाठवते," नाना म्हणाले. आवाज इतका पडला होता की मला थट्टा सुचेना. "तीच फसवायला लागली तर मी विश्वास ठेवू कुणावर?"

चोरी पकडायला म्हणून मलाही त्यांनी एसटीत बसवलं. आम्ही पोचलो तेव्हा अक्का ओट्यावर आवळ्याचा कीस फडक्यात धरून पिळत होती. बोटं वाकडी झालेली, मूठ मिटत नव्हती. शेजारच्या पातेल्यात कालचा, परवाचा रस साठवलेला.

"हात दुखतस रे नाना," ती म्हणाली. "रोज थोडा थोडा पिळस, मंग बाटली भरस. रस बरा शे ना?"

यंत्र खरं होतं आणि अक्काही खरी होती. "एक नंबर शे, अक्का," नाना म्हणाले आणि तिच्या हातातलं फडकं घेऊन स्वतः पिळायला बसले.

आता पिळू नकोस म्हटलं तरी अक्का ऐकत नाही. बाटली येते, आणि नाना अजूनही आधी मोजतातच. परवा ते मोबाइलकडे नुसते बघत राहिले. टेकडी पार बसली होती.

"अक्काचे हात यंदा जास्तच दुखताहेत," म्हणाले, आणि धुळ्याच्या बसला निघाले.