चिनी पोस्टरं आणि आम्ही तिघं

एक पोस्टर घरात आलं की त्याच्यामागून चार किस्से येतात. पोस्टर ठेवायला निदान नळकांडं तरी असतं. किस्से कुठे ठेवायचे?

आम्ही म्हणजे गोखले, मेश्राम आणि मी. तिघंही हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. प्रोजेक्टमुळे शांघायला जाणं-येणं सुरू झालं. बाकीचे तिथून कॅमेरे आणायचे, आम्ही जुनी प्रचाराची पोस्टरं आणायला लागलो. ट्रॅक्टर, लाल झेंडे, गुबगुबीत गालांचे कामगार! एके काळी तिथल्या शाळा-कारखान्यांच्या भिंतींवर लागलेली. अस्सल. रिप्रिंटला आमच्या घरात प्रवेश नाही.

* * *

अस्सल ओळखायला नजर लागते म्हणतात. गोखलेकडे नाक आहे.

शांघायच्या एका दुकानात मालक छातीवर हात ठेवून शपथा घेत होता, शंभर टक्के जुनं! कागदही छान पिवळा पडलेला. गोखलेनं पोस्टर उचललं, हुंगलं आणि म्हणाला, "वैशाली, चहा."

"मला नकोय."

"प्यायला नाही. यात बुडवलाय. आणि त्याला सांग, जास्मिनचा वास येतोय. त्या काळात एवढी चैन नव्हती म्हणावं."

मी इंग्रजीत सांगितलं. मालक इतका हसला, की त्यानं काउंटरखालून खरा गठ्ठा काढला. वर आम्हाला चहा पाजला. जास्मिनचाच!

* * *

परतताना कस्टम्सवाल्यानं मेश्रामचं नळकांडं उघडलं. आत मुठी वळलेले, हातोडे उगारलेले कामगार.

"कम्युनिस्ट का?"

"नाही साहेब, सॉफ्टवेअरमध्ये आहे."

साहेबांनी मेश्रामचे तारवटलेले डोळे पाहिले, पोस्टर गुंडाळून परत दिलं. "म्हणजे कामगारच. जा."

* * *

आमचे फ्रेमवाले कसब्यात. हात सोन्याचा, पण काटछाटीची भारी हौस. पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरात प्रकाशक आणि छपाईचं वर्ष असतं. संग्राहकाचा सगळा जीव त्या ओळीत!

फ्रेमवाल्यांनी पट्टी लावली. "हे खालचं चिनी कापून टाकतो. वाचणारंय कोण?"

गोखलेनं झडप घालून पट्टी धरली. "अहो, त्या ओळीमुळे तर पोस्टर अस्सल ठरतं!"

"असं होय? मग वरचं चित्र कापू? फ्रेम लहान बसेल."

* * *

आमच्या सोसायटीचे चेअरमन गळतीची तक्रार घेऊन आले आणि हॉलमधल्या पोस्टरसमोर थांबले. उगवता सूर्य, खाली लाखोंची गर्दी, मधोमध एक प्रसन्न गृहस्थ.

"हे कोण?"

"चेअरमन."

"कुठल्या सोसायटीचे?"

"चीनचे."

"किती वर्षं होते?"

"मरेपर्यंत."

साहेब जवळ सरकले. "दर वर्षी सभा वगैरे? सभासदांचे प्रश्न?"

"छे!"

त्यांनी पोस्टरला हात जोडले. "नशीबवान माणूस!" म्हणाले आणि गळतीचं न बोलताच गेले.

* * *

मेश्रामनं बुद्धाच्या तसबिरीपासून जरा अंतर ठेवून ट्रॅक्टर चालवणाऱ्या बाईचं पोस्टर लावलं. त्याची आई नागपूरहून नुकतीच राहायला आली होती. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "काहून रे, ह्या बाईनं ट्रॅक्टर चालवला तर तू भितीवर लावतं. अन् मी स्कूटी मागितली तर म्हणतं, पुण्याचं ट्राफिक लय खराब हाय!"

आता काकू स्वतः स्कूटीवरून भाजी आणतात. मेश्राम मागे बसतो. हेल्मेट घालून!

* * *

माझा मामा फौजेतून निवृत्त होऊन खडकवासल्याला राहतो. बासष्टच्या लढाईत पकडला गेला आणि काही महिने चिन्यांच्या कैदेत होता. त्यावर तो कधी बोलला नाही, आम्हीही कधी विचारलं नाही. तो घरी यायचा म्हटलं की मी आधी भिंती मोकळ्या करायचे.

एका रविवारी त्याचा अचानक फोन आला, "स्वारगेटला उतरलोय, येतो." गोखले आणि मेश्राम माझ्याकडेच होते. तिघांनी मिळून भराभर पोस्टरं उतरवली. पॅसेजमधलं एक राहिलंच. गव्हाच्या शेतात उभी असलेली, दोन वेण्यांची हसरी मुलगी.

मामा हात धुवायला गेला तो परतेचना. जाऊन पाहिलं, तर तिच्यासमोर उभा.

"मामा, काढते मी. रागावू नकोस."

"राहू दे." त्यानं मागे न बघताच सांगितलं. "हीच होती. आमच्या बराकीत, दारासमोर. बाहेर बर्फ, आणि ही आपली गव्हात उभी. आम्ही सातारकडचे तिघंजण होतो. हिच्याशी मराठीत बोलायचो."

मेश्रामनं हळूच विचारलं, "काय बोलायचात?"

मामानं शर्टाची कॉलर सारखी केली, ओल्या हातानं केस बसवले आणि एक पाऊल पुढे होऊन म्हणाला,

"काय गं, ओळखलंस का?"