हातावर गोंदलेलं नाव

नाशिकच्या आमच्या पेपरात माझ्या कामाला सगळे 'भुताटकी खातं' म्हणायचे. अंगात येणं, करणी, भोंदूबाबा, जातपंचायती. चारचौघांत ज्यावर कुणी तोंड उघडत नाही ते सगळं माझ्याकडे. "बाई गं, घरी जाताना लिंबू-मिरची बांधून जा," असं चिडवायचे. वीस वर्षं मी ते मिरवलं. असले विषय हाताळायची अक्कल फक्त मलाच, असा माज होता. तो एका सकाळी उतरला.

सिन्नरकडच्या एका गावातली बाई माझ्याशी बोलली होती. त्यांच्या जातीत नवरीची 'परीक्षा' घेतात. लग्नानंतरची चादर पंचांसमोर ठेवायची. डाग नसला तर मुलगी खोटी. तिने ते स्वतः सोसलं होतं. आता लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि लेकीच्या वाट्याला ते येऊ नये, म्हणून ती बोलली. अट एकच: नाव कळता कामा नये. कळलं तर घर वाळीत. मी नाव बदललं, गाव गाळलं. फोटो काढताना म्हटलं, "वहिनी, हात तोंडावर धरा."

छापून आलं त्या सकाळी चहा ओतता ओतता पेपर उघडला आणि फोटो बघून भांडं तसंच खाली ठेवलं. तोंड झाकलेलं होतं, अगदी व्यवस्थित. पण झाकणाऱ्या हातावर तिचं नाव गोंदलेलं, ठसठशीत! बायका हातावर नाव गोंदून घेतात हे मला काय माहीत नव्हतं? माझ्या आईच्याच हातावर आहे. फोटो मी निवडला, संपादकांनी पाहिला, पान लावणाऱ्याने पाहिला. सगळ्यांनी चेहरा तेवढा बघितला. मेले सगळे अक्कलशून्य, आणि त्यांत पहिली मी.

तिचा फोन बंद. स्कूटर काढली. पेपरचा गठ्ठा आज उशिरा पोचू दे रे देवा, असं आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. मोहदरीच्या घाटात ट्रकमागे अडकले तेव्हा रडायलाच आलं.

गावच्या स्टँडवर गठ्ठा अजून सुटलेलाच नव्हता. जीव भांड्यात पडला. मग पाराकडे लक्ष गेलं. पंच बसले होते, आणि सगळे एकाच मोबाईलवर वाकून बघत होते.

ती दारातच उभी होती. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. "बोलावणं आलंय," म्हणाली. "म्हनतात, पेपरवालीनं मनानं लिहिलं असं सांग, मिटवून टाकू. नायतर वाळीत."

"मग सांगा ना!" मी जवळजवळ किंचाळलेच. "मी खोटारडी, मीच रचलं. पाहिजे तर लिहून देते. माझं नाव गेलं खड्ड्यात!" मनापासून म्हणत होते. त्या क्षणी नोकरी गेली असती तरी सुटले असते.

तिने नाही म्हणून मान हलवली.

"तुमी सुटाल ओ ताई. आन् माजी पोर? मी हे खोटं म्हनले, तर आठ दिसांनी तिची चादर त्याच पारावर येईल."

लाज वाटली, भयंकर लाज. प्रायश्चित्तसुद्धा मी माझ्या सोयीचं शोधून आणलं होतं.

तिने पदर खोचला, चपला घातल्या. मी मागे निघाले, तर हाताने थांबवलं.

"तुमी नका येऊ. काय सांगायचं ते मी सांगती. तुमी हितं बसा, पोर एकटी हाय घरात."