आभाळ आलेल्या दिवशीची सावली

इथले गूढ अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. खरं सांगू? निम्मे तर हसायलाच वाचायचे. मी परभणीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे जे तपासून दाखवता येत नाही त्यावर वाद घालायची मला खोडच आहे. त्यात आमचं घर बौद्ध. अंगात येणं, उतारा, करणी... असलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. लिहू की नको करत शेवटी आज लिहितेय. हसायचं असेल तर हसा, माझी तक्रार नाही.

आधी फोटोंचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

लॅबमध्ये रक्ताची सॅम्पल्स मशीनला लावली की मशीन थांबेपर्यंत जरा वेळ मिळतो. बाकीचे चहा पितात, रील बघतात. मी मागच्या बोळात जाऊन मोबाइलवर फोटो काढते... ब्लॅक अँड व्हाइट. दिवसभर लालच लाल बघून डोळे विटतात हो! बोळात समोर एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामाची लांबच लांब भिंत आहे, चुना दिलेली. ऊन असलं की तिच्यावर सायकलवाल्याची, विजेच्या तारेची, वाळत घातलेल्या कपड्यांची सावली पडते. मी त्या सावल्याच टिपते. लॅबमध्ये माझं नाव 'भिंतवाली मॅडम' पडलंय.

माझी माय बोरीला राहायची, माझ्या धाकट्या भावाजवळ, संतोषजवळ. तिच्या डाव्या गालावर कोड होतं, माझ्या जन्माच्याही आधीपासूनचं. त्यामुळे डाव्या हातानं पदर कायम गालावर धरलेला. भाकरी थापायला बसली तरच काय तो हात सुटायचा. वर्षानुवर्षं असा हात धरून तिचा डावा खांदा वर चढून बसला होता. फोटोचं तर नावच काढू नका. मोबाइल दिसला की चुलीकडे तोंड. संतोषच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती आहे, म्हणजे तिचा पदर आहे.

एका रविवारी गावी गेले होते तेव्हा तिला माझे भिंतीचे फोटो दाखवले. बराच वेळ बघत बसली.

"ह्याच्यात माणसं न्हाईत गं. नुसत्या सावल्याच हायेत."

"मला त्याच आवडतात."

"बरं हाय. सावलीला कुणी काय म्हणत न्हाई." मग मोबाइल माझ्या हातात देत म्हणाली, "येईन एकदा. तू कुठं उभी ऱ्हातीस ते बघाया."

"उद्याच चल की माझ्यासंगं."

"यष्टीत लोक बघतेत बाई. येईन म्हनले ना..."

ती आली नाही. पुढे तिनं अंथरूण धरलं आणि शेवटी शेवटी तर उठून बसणंही होईना.

ती गेली त्या दिवशी परभणीत सकाळपासून आभाळ आलेलं होतं. ऊन नाही म्हणजे सावल्या नाहीत, म्हणजे माझ्या दृष्टीनं फोटोचा दिवसच नाही. पण पाय सवयीनं बोळात गेले. भिंतीच्या बुडाशी एक शेळी रवंथ करत बसली होती. म्हटलं चला, आज शेळी. तिच्यावर फोकस करून एक फोटो काढला. बोळात मी आणि ती शेळी, तिसरं कुणी नव्हतं. मोबाइल अ‍ॅप्रनच्या खिशात टाकतेय तोच वाजला. संतोष.

"ताई... माय गेली गं. आत्ताच."

पुढचे दिवस कसे गेले ते नाही सांगत. ज्यांची आई गेलीय त्यांना माहीत आहे.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आमच्यात बुद्धमूर्तीजवळ गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात, मेणबत्ती लावतात, लोक येऊन फुलं वाहतात. मायचा फोटो होता कुठे? एक आधार कार्डावरचा, पदर काढायला लावून घेतलेला. त्याचा तिला इतका राग, की कार्ड कायम पालथं ठेवायची. संतोष तेच कार्ड घेऊन जिंतूरच्या स्टुडिओत गेला. आमच्याकडे ही पद्धतच झालीय... फोटोतलं तोंड तेवढं कापून घेतात आणि तयार साडीतल्या धडावर बसवतात, मागे बागबगीचा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संतोष फ्रेम घेऊन आला. हिरवी रेशमी साडी, गोरापान चेहरा, गुलाबी ओठ. कोडाचा मागमूसही नाही.

"ही कोण बाई घेऊन आलास?" मी ओरडलेच त्याच्यावर.

तो खाली बघत म्हणाला, "लोकायनी जलमभर तिचे डागच बघितले, ताई. म्हनलं, शेवटी तरी बिनडागाची बघतील."

दोघंही रडलो. पण त्या फोटोपुढे हात जोडायला माझं मन घेईना. निदान पदराआडची तरी माय कुठे सापडते का, म्हणून मी माझा मोबाइल चाळत बसले. आणि शेळीचा फोटो आला.

शेळीच्या मागे, भिंतीवर, सावली होती. एका बाईची. समोरून उभी, तोंड जरा बाजूला वळवलेलं. कपाळ, नाक, हनुवटी स्पष्ट. डावा खांदा वर चढलेला. शेळीची सावली नाही, तारेची नाही, कशाचीच नाही... आभाळ आलेल्या दिवशी एकटी तिचीच. आणि डावा हात खाली सोडलेला. पदर खांद्यावर.

मी कुणाला काही बोलले नाही. सकाळी पहिल्या गाडीनं जिंतूर गाठलं आणि फोटो मोठा करायला दिला. स्टुडिओवाला भला माणूस. स्क्रीनवर बघून म्हणाला, "ताई, शेळी लय भारी आलीय. ह्यो भिंतीवरला डाग काढून देऊ का? आत्ता जाईल."

"हात लावू नका त्याला!" मी एवढ्यानं बोलले की बाहेरची माणसं आत डोकावली.

संतोष म्हणाला, लोक हसतील. शेवटी दोन्ही फ्रेम शेजारी शेजारी ठेवल्या. भंतेजींची वंदना झाली, लोक फुलं वाहू लागले. हिरव्या साडीला सगळे हात जोडत होते, माझ्या फोटोकडे बघून पुढे सरकत होते. मग सरूबाई आली. मायसोबत उभा जन्म खुरपणीला गेलेली बाई. हिरव्या साडीपुढे तिनं फूल ठेवलं आणि माझ्या फोटोपाशी थबकली. तिला कुणीही काही सांगितलेलं नव्हतं.

"गया..." ती मायच्या नावानं म्हणाली. "अगं गया, पदर कुठं गेला गं तुझा?"

आणि तिथेच खाली बसून हमसून हमसून रडायला लागली. संतोष उठला, हिरव्या साडीची फ्रेम उचलून आत नेऊन ठेवली.

नंतर मी तो फोटो जाणकारांना दाखवला. एक म्हणाला, लेन्स खराब असेल. दुसरा म्हणाला, तुमच्या मागे कुणीतरी उभं असणार. असेल, पण सावली पाडायला ऊन कुठून आणणार? तिसऱ्यानं तर मीच काहीतरी बनवलंय असं धरलं. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. मला आजही काही सांगता येत नाही. आता मी आभाळ आलेल्या दिवशी मुद्दाम बोळात जाते. भिंत कोरीच येते.

एकच गोष्ट मनातून जात नाही. येईन म्हणाली होती, तशी ती आली. यष्टीत न बसता, कुणाच्या नजरेला न पडता. हात खाली सोडून, उघड्या तोंडानं माझ्यासमोर उभी राहिली... आणि मी शेळी बघत होते.