कूलरमधलं पाणी आणि आईला न सांगितलेली बिअर

मंडळी, आज इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आमच्या बॅकयार्डमध्ये माझी चांगलीच फजिती झाली.

घरी बनवलेली बिअर पहिल्यांदाच मित्रांना पाजणार होतो. केग, म्हणजे बिअरचं पिंप, बाहेर सावलीत ठेवला. केगपासून नळापर्यंत येताना बिअर कूलरमधल्या, म्हणजे बर्फ-पाण्याने भरलेल्या पेटीतल्या, स्टीलच्या वेटोळ्या नळीतून जाते आणि वाटेतच गार होते. नागपूरहून बाबांसोबत आलेल्या आईला मात्र "सरबताचं मशीन आहे" असं सांगून ठेवलं होतं.

मित्र आले, नळ उघडला, तर ग्लासभर नुसता फेस. तोही कोमट! कूलरमध्ये पाहिलं, तर बर्फ होता, पाणी गायब.

"मीच काढलं," आई म्हणाली. "पाण्यात बर्फ लवकर वितळतो."

आता खरं सांगणं भाग होतं. "आई, ही बिअर आहे. नळीला सगळीकडून बर्फाचं पाणी लागलं तरच ती नीट गार होते."

"मग आधीच सांगायचंस ना! उगाच फेकलं मी." तिने स्वतः पाणी आणून ओतलं. "आणि पहिला ग्लास बाबांना दे. सकाळपासून त्या मशीनभोवती घुटमळतायत."

बिअर मस्त गार आली. पण मी लपवत नक्की कोणापासून होतो, यार? आणि तुम्ही?