लेथीच्या दोन वेण्या

माझ्या दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरात पाटी आहे: इथे केस सरळ करून मिळत नाहीत. तरी आठवड्यातून एखादी बया आत येते आणि विचारतेच, "सरळ करून देता का हो?" मी म्हणते, "बाई, वाचता येतं ना?" माझं हे असंच. व्हर्निस टॉलिव्हरचा हात गोड आणि तोंड कडू, असं अमेरिकेच्या दक्षिणेतलं आमचं अख्खं मेकन गाव म्हणतं. खोटं नाही म्हणत.

पण मिस आर्लेथा (वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे लग्न झालं तरी मिसच म्हणतात) पहिल्यांदा आली तेव्हा माझं तोंड आपोआप बंद झालं. आर्लेथा मोब्लीला कोण ओळखत नव्हतं? एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेली बाई. तिकीट द्यायची, सुटे द्यायची, चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. आम्ही पोरी तिला मागून 'पुतळा' म्हणायचो. तीन वर्षांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरात ती डोक्याला घट्ट रुमाल बांधून माझ्या खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर धरून. तेव्हा ती पासष्ट वर्षांची होती.

"आधी दार लावून घे," ती म्हणाली.

तिनं रुमाल सोडला. कपाळावरचे केस गेलेले, टाळूवर खपल्या. तेराव्या वर्षापासून केस सरळ करायचं औषध लावत होती, दर सहा आठवड्यांनी, न चुकता. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुरे झालं.

"सगळे कापावे लागतील, मिस आर्लेथा."

"काप. पण मला आरसा दाखवू नकोस."

मी खुर्ची भिंतीकडे फिरवली. ते मेलेले, सरळ, लांब केस खाली पडत गेले आणि खालून बोटभर उंचीचे नवे केस निघाले. पांढरे, दाट, मिरीच्या दाण्याएवढी वळणं असलेले. मला राहवलं नाही. "बघा, बावन्न वर्षं जाळलेत, तरी वळलेलेच उगवलेत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही!"

आणि पुतळा हसला. आधी नाकातून, मग चांगला मोकळा.

मग मी तिचं डोकं धुवायला घेतलं. कोमट पाणी, भरपूर साबण, बोटांच्या पेरांनी हळूहळू. कित्येक जणी तिथेच झोपतात. पण माझं बोट तिच्या डाव्या कानामागे गेलं आणि तिनं माझं मनगट गच्च पकडलं. तिथे एक गुळगुळीत, चकचकीत वण होता, बोटाएवढा. मला काही विचारायची गरज नव्हती. कुरळे केस सरळ करायला गॅसवर तापवलेला तो पितळी कंगवा आमच्या वयाच्या कुठल्या काळ्या पोरीला माहीत नाही?

"कंगवा?"

"ईस्टरच्या आदल्या दिवशी. सात वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये सगळ्यांसमोर कविता म्हणायची होती मला." ती डोळे मिटून, पाठ केलेलं सांगावं तसं म्हणाली, "मीच हलले. आई सगळ्यांना सांगायची, लेथी कधी स्वस्थ बसायचीच नाही, हलली, म्हणून भाजलं."

त्या दिवसापासून ती दर दुसऱ्या शनिवारी यायची. कधी पाउंड केक आणायची, कधी माझ्याच दुकानातली खुर्ची मलाच पुसून द्यायची. हळूहळू बोलायला लागली, आणि बोलायची ते एकाच गोष्टीबद्दल. तिची आई, मिस कोझेल, सत्त्याऐंशीची, नदीकडच्या नर्सिंग होममध्ये होती. आर्लेथा रोज दुपारी तिला जेवण भरवायला जायची. आणि आई तिला ओळखायची नाही.

"काल काय म्हणाली ठाऊक आहे?" एकदा तिनं सांगितलं. "म्हणाली, बाई, तुम्ही पोस्टातल्या ना? जरा सरकून बसा. माझी लेथी शाळेतून येईल एवढ्यात, तिला बसायला जागा नको का?"

"मग?"

"मग काय. सरकले."

दुकानात चौघी होत्या. एकीनं उठून तिच्यासाठी कॉफी ओतली. मी म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला, पण मीही तेलाची बाटली उघडून कामाला लागले.

पुढे पुढे ते वाढतच गेलं. म्हातारी जेवेना. लेथी आल्याशिवाय मी घास घेणार नाही, म्हणायची, आणि लेथी समोर चमचा धरून बसलेली! वजन उतरत चाललं. नर्स म्हणाली, असंच राहिलं तर उन्हाळा काही निघायचा नाही.

गेल्या वर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारीच, आर्लेथा सकाळी सकाळी आली. पर्समधून एक जुना फोटो काढला. सहा-सात वर्षांची दात पडलेली पोरगी, मधोमध भांग, दोन लोंबत्या वेण्या, टोकांना फिती. पर्समध्ये फितीही होत्या, पिवळ्या, नव्याकोऱ्या.

"अशा घाल मला."

"मिस आर्लेथा, वय काय तुमचं?"

"सहासष्ट. घाल तू." तिनं फोटो माझ्या हातात कोंबला. "तिला एकदा लेथी दिसू दे, व्हर्निस. एकदाच मला लेथी म्हणू दे. मग नाही ओळखलं तरी चालेल. कदाचित जेवेल तरी."

मी मधोमध भांग पाडला, तेल लावलं, वेण्या घातल्या. पण दीड वर्षाचे केस वाढून किती वाढणार? दोन्ही वेण्या शेळीच्या शेपटीसारख्या वर उभ्या राहिल्या. आणि इथे माझ्यातली कारागीर आडवी आली. माझ्या हातून गेलेलं डोकं असं दिसलं तर लोक काय म्हणतील? मी दोन्ही वेण्या उचलल्या, टाळूवर आडव्या नेल्या आणि पिना लावून टाकल्या. पांढऱ्या मुकुटासारखं दिसायला लागलं. बाकीच्या जणी वाहवा म्हणाल्या.

आर्लेथानं आरशात पाहिलं. "खाली हव्या होत्या. फितींसकट."

"अहो, वेण्या त्या वेण्याच. म्हातारीला तेवढं कुठं कळतंय?"

फिती परत पर्समध्ये गेल्या. हे मी बोलले, मीच. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिची गाडी दुरुस्तीला टाकलेली होती, म्हणून दुकान बंद करून मीच तिला घेऊन गेले. मिस कोझेल खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसली होती. पुढ्यात ताट, मक्याच्या पावाचा तुकडाही मोडलेला नाही. आर्लेथा दारात थांबली. म्हातारीनं मान वळवली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी मनात म्हटलं, देवा, ओळखलं! ओळखलं गं!

"आई!" म्हातारी म्हणाली. "आई, आलीस तू?"

आर्लेथाचा हात दाराच्या चौकटीवर होता, तो तिथेच राहिला. मला एका क्षणात सगळं कळलं. पांढरे केस, टाळूवरून आडव्या नेलेल्या वेण्या. त्या काळातली प्रत्येक म्हातारी आपल्या वेण्या अशाच बांधायची. माझी स्वतःची आजी बांधायची! मी तिला लेथी करायचं सोडून लेथीची आजी करून ठेवलं होतं.

"मिस कोझेल, अहो ही तुमची..." मी पुढे झाले. आर्लेथानं मागे न बघता माझा दंड धरला आणि मला गप्प केलं. मग जाऊन आईसमोर खुर्ची ओढून बसली.

म्हातारीनं तिचे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली. "आई, तू रागावू नकोस. मी लेथीचा कान भाजला. उद्या तिची कविता आहे आणि कानामागे हा एवढा फोड."

"ती हलली असेल," आर्लेथा म्हणाली. कसं म्हणाली, तिचं तिलाच माहीत.

"नाही गं! सगळ्यांना मी तेच सांगितलं. पण ती हलली नाही. गरीब लेकरू मुकाट्यानं बसलं होतं. मीच खिडकीतून बघत होते, लेथीच्या बापाची गाडी आली का म्हणून. तो गेलाय, आई. तो काही परत यायचा नाही. आणि माझा हात..." म्हातारी हळूच म्हणाली, "लेथीला नको सांगूस. ती मला सोडून जाईल."

मी हळूच दार लावून घेतलं.

आर्लेथानं पर्समधून रुमाल काढला. मग तिनं आईचे डोळे पुसले. "नाही जायची ती कुठे. ती रागावलेली नाही, कोझेल. आता जेव बरं, पोरी."

आणि म्हातारी जेवली. सगळं जेवली, वाटीतला गोड पीच कॉबलरसुद्धा. आईनं भरवलं ना!

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "चूक माझी आहे. उद्या फिती लावून येऊ. मी स्वतः पिना काढते."

"साठ वर्षं, व्हर्निस," ती समोर बघत म्हणाली. "साठ वर्षं मी हलायचं नाही, हलायचं नाही म्हणून जगले. तुम्ही मला पुतळा म्हणायचात, मला ठाऊक होतं. आणि मी हललेच नव्हते." मग ती रडली, अगदी लहान पोरीसारखी, हुंदके देऊन. "सांगितलं गं तिनं. पण मला नाही सांगितलं."

मला वाटलं, पुढच्या वेळी ती फिती घेऊन येईल. ती आली, पण रिकाम्या हातानं. "पिना लाव," म्हणाली. "वर, तशाच."

"मिस आर्लेथा, मग ती तुम्हाला कधीच..."

"तिची आई आली की ती जेवते. लाव पिना."

मी लावल्या. एप्रिल, मे, जून, जुलै. वेण्या लांबत गेल्या, आता लोंबत्या सोडल्या तरी चालल्या असत्या, तरी तिनं वरच बांधायला लावल्या. ऑगस्टमध्ये एका दुपारी जेवण झाल्यावर म्हातारी आर्लेथाच्या हातावर डोकं ठेवून गेली. जाताना, "लेथी आली की मला उठव," एवढंच म्हणाली.

दफनाच्या दिवशी सकाळी आर्लेथा काळ्या कपड्यात दुकानात आली आणि पर्समधून त्या पिवळ्या फिती काढून माझ्या हातात दिल्या. कुणाला दाखवायच्यात आता, असं माझ्या तोंडावर आलं होतं. देवानं मला त्या दिवशी अक्कल दिली. मी मधोमध भांग पाडला. पहिल्यांदाच तिनं मला डाव्या कानामागे हात लावू दिला. दोन वेण्या घातल्या, खाली सोडल्या, टोकांना फिती बांधल्या.

चर्चमध्ये कुजबुज झालीच. माझ्या पुढच्या बाकावरची यूडोरा म्हणाली, "दुःखानं फिरलं वाटतं बिचारीचं डोकं." मी म्हटलं, "ते डोकं माझ्या हातचं आहे. तुम्ही तोंड मिटा."

आर्लेथा एकटीच पुढे गेली. शवपेटीवर वाकली, तेव्हा दोन्ही वेण्या पुढे आल्या.

"आई," ती म्हणाली, "शाळा सुटली. मी आले."

मग ती बराच वेळ तिथेच उभी राहिली, जराही न हलता.